रोमन आकडे पाठ करू नका, वापरून पाहा!

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे लंबकाचे घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर रोमन आकडे आहेत. माझा पुतण्या पाचवीत असताना एकदा गणिताच्या चाचणीचा पेपर हातात घेऊन त्या घड्याळासमोर उभा राहिला. '४ ही संख्या रोमन संख्याचिन्हांत लिहा' या प्रश्नाचे त्याचे उत्तर चूक ठरले होते. त्याने चार उभ्या रेघा ओढल्या होत्या आणि घड्याळातही चाराच्या जागी नेमक्या चार उभ्या रेघाच होत्या! त्याने मला विचारले, "काका, घड्याळ चुकलं की मी?"

प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर तुम्हा हायस्कूलच्या मुलांनीही ऐकण्यासारखे आहे. त्याआधी थोडी उजळणी करू.

वही-पेन्सिल घेऊन बसा. या लेखात मी रोमन अक्षरे त्यांच्या नावांनी लिहिणार आहे. तुम्ही ती वहीत इंग्रजी मोठ्या लिपीत उतरवून घ्या. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. मोठ्या अक्षरानंतर लहान अक्षर आले तर मिळवायचे, आधी आले तर वजा करायचे. म्हणून व्ही-आय म्हणजे ६ आणि आय-व्ही म्हणजे ४. आय फक्त व्ही व एक्सच्या आधी, एक्स फक्त एल व सीच्या आधी आणि सी फक्त डी व एमच्या आधी येतो. एकच अक्षर ओळीने तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचे नाही. व्ही, एल व डी तर दोनदाही लिहायचे नाहीत.

रूपांतर करताना संख्या आधी मोडून घ्या. १९४९ म्हणजे १००० + ९०० + ४० + ९. यांची चिन्हे अनुक्रमे एम, सी-एम, एक्स-एल आणि आय-एक्स. ती शेजारी शेजारी मांडली की झाले. ४९ साठी कित्येक मुले 'आय-एल' लिहितात. ते चालत नाही, कारण दशक आणि एकक यांचे रूपांतर वेगवेगळे करायचे असते. उलट वाचताना डावीकडून निघा. पुढचे अक्षर मोठे असेल तर हातातले वजा करा, नाहीतर मिळवा.

बहुतेक वर्गांत हा धडा इथेच संपतो. माझे म्हणणे असे की, तो खरा इथे सुरू व्हायला हवा.

पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. नियम दोन प्रकारचे असतात. देठापासून सुटलेला आंबा खालीच पडतो, हा निसर्गाचा नियम आहे. तो कुणी सभा भरवून ठरवलेला नाही आणि बदलताही येत नाही. आपण वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, हा मात्र संकेत आहे. अमेरिकेत उजव्या बाजूने चालवतात, म्हणून ते काही चुकत नाहीत. संकेत पाळायचाच असतो, पण तो माणसांनी ठरवलेला आहे हे विसरायचे नसते. 'चार म्हणजे आय-व्ही' हा असाच संकेत आहे. खुद्द रोमन लोकही तो नेहमी पाळत नसत. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या रोममधील कलोसियम या भव्य प्रेक्षागृहाच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. तेथे ४४ व्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय असे आहे. म्हणजे चाळीस वजाबाकीने, आणि चार मात्र सरळ चार रेघांनी! घड्याळांनी तीच जुनी चाल जपली आहे. आज रूढ असलेल्या संकेतानुसार पुतण्याचे उत्तर बसत नव्हते, एवढेच.

आता दुसरी गोष्ट. संकेत चांगला की वाईट हे कसे ठरवायचे? त्याला कामाला लावून. २३ ला १४ ने गुणा, पण रोमन आकड्यांत. सोयीसाठी १४ जुन्या पद्धतीने एक्स-आय-आय-आय-आय असे लिहू. २३ म्हणजे एक्स-एक्स-आय-आय-आय. दोन्हीकडे पाच पाच अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराने प्रत्येक अक्षराला गुणायचे, म्हणजे पंचवीस छोटे गुणाकार झाले. त्यांतून मिळतात २ सी, ११ एक्स आणि १२ आय. १२ आयचे एक एक्स व दोन आय होतात. आता झालेल्या १२ एक्सचे एक सी व दोन एक्स होतात. उत्तर सी-सी-सी-एक्स-एक्स-आय-आय, म्हणजे ३२२. आपल्या अंकांत हेच काम चार छोट्या गुणाकारांत होते.

बेरीज मात्र या पद्धतीत सोपी आहे. अक्षरे एकत्र करायची आणि बांधाबांध करायची. म्हणून रोमन पद्धतीला नावे ठेवण्याची घाई करू नका. रोमन लोक हिशेब कागदावर करतच नसत. ते फळीवर खडे मांडून हिशेब करीत आणि आलेले उत्तर अक्षरांत लिहून ठेवीत. खड्याला लॅटिनमध्ये 'कॅल्क्युलस' म्हणतात. पुढे कॉलेजात याच नावाची गणिताची शाखा तुम्हाला भेटेल, तेव्हा या खड्यांची आठवण ठेवा. थोडक्यात, त्यांचे आकडे उत्तर लिहून ठेवण्यासाठी होते. आपले अंक उत्तर काढतातही.

हे बळ आपल्या अंकांत आले कुठून? रोमन पद्धतीतही दहाचा आधार आहेच. तिच्यात नाही ती स्थानिक किंमत. एक्स कुठेही लिहा, दहाच. पण ३३३ मधील प्रत्येक ३ ची किंमत वेगळी. फळीवर एखादा रकाना रिकामा असला तर तो डोळ्यांना दिसतो. कागदावर ती रिकामी जागा दाखवायची तर चिन्ह हवे. तेच शून्य. ते रिकाम्या जागेची खूण म्हणून आले आणि स्वतः संख्या होऊन बसले. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याशी करायच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले. हे अंक अरबांमार्फत युरोपात गेले. पिसाच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये ग्रंथ लिहून त्यांचा पुरस्कार केला. तरीही १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत नवे अंक वापरण्यास बंदी केली होती! संकेत चांगला असला तरी लगेच स्वीकारला जातो असे नाही.

आणि जुना संकेतही पुरता मरत नाही. रसायनशास्त्रात लोहाची दोन व तीन ही ऑक्सिडीकरण अवस्था आजही रोमन आकड्यांत लिहितात. कारण सूत्रातले इतर आकडे नेहमीचे असतात आणि त्यांच्यात तो मिसळायला नको असतो. हिशेबाला नालायक ठरलेले चिन्ह खुणेसाठी उत्तम ठरते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. हा धडा काढून टाकू नका, पण केवळ रूपांतरावरही थांबू नका. एक तास द्या. मुलांना रोमन आकड्यांत एकच गुणाकार करू द्या. स्थानिक किंमत म्हणजे काय, हे त्यांना दहा व्याख्यांपेक्षा जास्त कळेल. आणि कुणी चार रेघा ओढल्या तर नुसती फुली मारू नका. 'तू हे कुठे पाहिलेस?' असे विचारा. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट फुलीखाली गाडली गेली, तर पाहण्याची सवयच सुटेल. मग आम्ही प्रयोगशाळेत कितीही उपकरणे मांडली तरी काय उपयोग?

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. ८८ आणि १०० या संख्या रोमन आकड्यांत लिहा. एकीला आठ अक्षरे लागतील, दुसरीला एकच. आपल्या पद्धतीत पूर्ण संख्येतील अंक नुसते मोजून कोणती मोठी हे बहुधा सांगता येते. रोमन पद्धतीत ते का जमत नाही, याचे उत्तर पाच ओळींत लिहा. त्यासाठी पाठांतर लागणार नाही.