भाऊ पाध्ये शिव्यांपलीकडेही वाचावेत

मा. संपादक,


भाऊ पाध्ये यांचे नाव निघाले की आजही आधी 'वासूनाका' आठवतो आणि लगेच 'अश्लील' हा शिक्का. १९६५ साली ते पुस्तक आले तेव्हा आचार्य अत्रे यांच्यासारख्या दिग्गजाने त्यावर कडाडून हल्ला चढवला. तो वाद इतका गाजला की लेखक मागे पडला आणि वादच लक्षात राहिला. १९२६ साली जन्मलेल्या या कादंबरीकाराची जन्मशताब्दी २०२६ मध्ये येते. निदान त्या निमित्ताने तरी हा शिक्का पुसला जावा, यासाठी हे पत्र.

भाऊंचे पूर्ण नाव प्रभाकर नारायण पाध्ये. समीक्षक प्रभाकर पाध्ये वेगळे. दादरमध्ये वाढलेल्या भाऊंनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, कामगार संघटनेत काम केले, शाळेत शिकवले, कचेरीत कारकुनी केली आणि नंतर 'नवशक्ती'त पत्रकारिता केली. चाळ, गिरणी, युनियनची कचेरी आणि वर्तमानपत्राचे टेबल यांतून ते स्वतः गेले होते. 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) पासूनच्या त्यांच्या लेखनाला या अनुभवाचा आधार आहे. मुंबईच्या पोटात शिरून लिहिणारे त्यांच्यासारखे लेखक त्या काळात मोजकेच होते.

'वासूनाका' सांगतो तो पोक्या, नाक्यावर उभा राहणारा एक पोरगा. त्याच्या बोलण्यात मराठीबरोबर हिंदी येते, इंग्रजीचे तुकडे येतात, शिव्या येतात. लेखक मध्ये पडून त्याला समज देत नाही, की वाचकाला तात्पर्य काढून देत नाही. ही भाऊंची शैली आहे आणि ती विचारपूर्वक निवडलेली आहे. भाषा सैल सुटल्यामुळे तसे झाले, हा आक्षेप टिकत नाही. कारण दोनच वर्षांनी आलेल्या 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' (१९६७) मध्ये वातावरण उच्चभ्रू आहे आणि भाषाही त्याप्रमाणे बदललेली आहे. 'वैतागवाडी'त मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवताना माणसाची होणारी फरफट येते, तर 'राडा'त (१९७५) उपनगरातला तरुण आणि त्या काळातली शिवसेना. ज्या वस्तीतला माणूस, त्या वस्तीचे बोलणे, हा नियम भाऊंनी काटेकोरपणे पाळला.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. 'वासूनाका'तल्या मुली नाक्यावरच्या पोरांच्या नजरेतून दिसतात आणि ती नजर क्रूर आहे. हे वाचताना त्रास होतो आणि झालाच पाहिजे. पण पोक्या बढाई मारत जे सांगतो, त्यातूनच त्या मुलींची कोंडी आणि या पोरांचे रिकामपण वाचकाला दिसते. लेखकाने पोरांची बाजू घेतली असती तर हे दिसलेच नसते. दिलीप चित्रे यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने भाऊंच्या निवडक कथा संपादित केल्या, त्या त्यांचे मोल ओळखूनच.

कायद्यानेही अशा लेखनाची वाट हळूहळू मोकळी केली. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि त्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. अमेरिकेत हेन्री मिलर यांच्या 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर'ची हीच कथा. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये निघालेले ते पुस्तक अमेरिकेत छापून यायला १९६१ उजाडले आणि १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते अश्लील नसल्याचा कौल दिला. आज मिलर यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. मराठीत मात्र भाऊंचे नाव काढताना अजूनही आवाज खाली येतो.

हे बीदर-कलबुर्गीकडून का लिहायचे, असे कोणी विचारील. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातला मराठी माणूस घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलतो. तुरीचा भाव ठरताना तिन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बीदर जिल्ह्यातले उदगीर मुंबई राज्यात गेले आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. सीमा बदलली तरी बोलणे बदलले नाही. पण हे बोलणे ऐकले की 'तुमची मराठी शुद्ध नाही' असा शेरा इथल्या मुलांना मिळतो. भाऊंच्या पोक्याला मिळालेला शेरा आणि हा शेरा एकाच समजुतीतून आले आहेत: पुस्तकी मराठी तेवढी खरी, बाकी सगळी भेसळ. या समजुतीविरुद्ध भाऊंच्या कादंबऱ्या हा मोठा पुरावा आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. सीमेच्या इतक्या जवळ मराठीचा एवढा मेळा भरला, याचे इथल्या वाचकाला अप्रूप आहे. आता पुढचे पाऊल पडावे. सीमाभागातल्या मराठी वाचनालयांनी 'वासूनाका'बरोबर 'वैतागवाडी', 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' आणि 'राडा' मागवावेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी पदव्युत्तर वर्गात त्यांतली एक तरी कादंबरी लावावी. आणि आपल्या नियतकालिकाने शताब्दीच्या निमित्ताने भाऊंवर एक विशेष विभाग काढावा. त्यात त्यांच्या बाजूचे लेख असावेत, विरोधातलेही असावेत. फक्त लिहिणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेले असावे, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, भालकी (जि. बीदर)