अंगठा मागणाऱ्याचा धर्म कोणता?



मुले एकलव्याची गोष्ट ऐकून येतात. 'शिष्य असावा तर असा,' एवढेच त्यांना सांगितले जाते. आपण घरी त्यांना पुरती गोष्ट सांगावी. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. निषाद म्हणून द्रोणाने त्याला विद्या नाकारली. तो स्वतःच्या कष्टाने धनुर्धर झाला. पण अर्जुनाहून श्रेष्ठ कुणी होणार नाही, असा शब्द द्रोणाने दिला होता. तो राखण्यासाठी, न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याने उजवा अंगठा मागितला! शिष्य शब्दाला जागला; गुरूचा धर्म कुठे गेला?

उल्हासनगर कॅम्प १ मधल्या हातावर पोट असणाऱ्यांना अंगठ्याचे मोल काय सांगावे? त्याच्याविना सुई धरवत नाही, पेनही नाही. आपल्या आजी-आजोबांना विद्या मिळाली नाही, म्हणून कागदावर अंगठाच उठवावा लागला.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात नीती म्हणजेच धम्म, आणि ती सर्वांना सारखीच हवी, असे सांगितले. मुलांना एकलव्याची चिकाटी जरूर शिकवा. पण अंगठा मागणाऱ्याला 'का?' असे विचारायलाही शिकवा.