बंदरांच्या शहरात पाण्याकाठी बसायला जागा कुठे?

मुंबईत समुद्र पाहायला जायचे म्हटले की पावले आपोआप पश्चिमेला वळतात. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, दादर, वरळी. परंतु ज्या पाण्याने हे शहर घडवले ते पूर्वेचे. आजचा धागा त्या पूर्व किनाऱ्याविषयी आणि एका अगदी साध्या प्रश्नाविषयी आहे: माझगाव, रे रोड, दारुखाना, शिवडी या भागांत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाण्याकाठी टेकायला जागा कुठे आहे?

माझे मत आरंभीच सांगतो. अशा जागा पूर्वी होत्या. त्या गेल्या त्या भरतीओहोटीने नव्हे, दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी निर्णयांमुळे. ज्या कारणासाठी त्या गेल्या ते कारण आता बऱ्याच अंशी उरलेले नाही, म्हणून त्या परत मागण्याचा या वस्त्यांना पूर्ण अधिकार आहे.

पुरावा नकाशावरच आहे. नुसती नावे वाचा: बोरीबंदर, मस्जिद बंदर, चिंचबंदर, कर्नाक बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हे बंदर. (यातले 'हे' म्हणजे इंग्रजीतले वाळलेले गवत, सर्वनाम नव्हे!) १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी बोरीबंदराहून सुटली, हे आपण शाळेत पाठ केले, पण तिथे 'बंदर' का होते, हे आपल्याला कुणी विचारले नाही. आज चिंचबंदरात उभे राहून समुद्र शोधणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पण एके काळी या नावांच्या जागी गलबते लागत, लाकूड, गवत, धान्य उतरे, माणसे चढत-उतरत. त्या कामाच्या जागा होत्या आणि तिथे कुणालाही जाता येई.

पूर्व किनारा उथळ आणि चिखलाचा. ओहोटीला उतारूंना रेंद्यातून वाट काढावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला तो याच गैरसोयीवर उपाय म्हणून. भाऊचा धक्का हे नाव आजही टिकले आहे, आणि मोरा व रेवसकडे जाणाऱ्या लाँचींमुळे त्याचा वापरही. पूर्व किनाऱ्यावर लोकांसाठी केलेली सोय अजून लोकांच्याच उपयोगात असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

मग किनारा बंद कसा झाला? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भराव घालणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. पूर्वेकडे एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती किनाऱ्याचा मोठा भाग गेला. बंदरावर एका खासगी कंपनीची मक्तेदारी होईल या धास्तीने सरकारने १८७० मध्ये ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी. १९१५ पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे. मक्तेदारीपासून वाचवलेला किनारा अखेर भिंत, फाटक आणि पास यांच्या आड गेला. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव दिलेला रस्ता आज गोदीच्या बाजूने जातो, पण त्या रस्त्यावरून चालताना पाणी दिसत नाही. हा योगायोग मला नेहमी बोचतो.

या भिंतीमागे केवळ माल नाही, स्मृतीही अडकल्या आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या स्फोटके आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक उतारू दगावले. ऐन आषाढी अमावास्येचा दिवस. सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली होती. अलिबाग-उरणकडच्या किती घरांत ही कहाणी अजून सांगितली जाते! पण आजोबांची ती गोष्ट ऐकलेल्या नातवाला ज्या पाण्यावर ती घडली त्या पाण्याकडे तोंड करून घटकाभर बसावेसे वाटले, तर त्याने तिकीट काढून लाँचीत बसावे. इतकीच सोय.

आणि आता गोदीचा मूळ व्यवसायच ओसरला आहे. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे गेले. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्या अलीकडे बुजवून टाकल्या; १९४४ चा स्फोट ज्या पाण्यात झाला ते पाणीही आता उरलेले नाही. बेट-शहराच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याइतकी जमीन मात्र बंदराकडेच आहे. तिच्या विकासाचे आराखडे येतात, त्यांत विहारपथ आणि बगिचे रंगवलेले असतात. चित्रे सुंदर असतात, यात शंका नाही.

तूर्त पूर्वेचे पाणी फुकट पाहायचे तर दक्षिणेला पालवा बंदराचा कठडा आहे, जिथे पर्यटकांतून वाट काढावी लागते. मधल्या औद्योगिक पट्ट्यात डॉकयार्ड रोड स्थानकालगतच्या भंडारवाडा टेकडीवर चढावे. लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांचे नाव दिलेल्या तिथल्या बागेत बाके आहेत, आणि बाकांवरून गोदीच्या याऱ्या आणि पलीकडचे पाणी दिसते. इथेच माझगावचा किल्ला होता. उत्तरेला शिवडीचा किल्ला. १६८० च्या सुमाराचा, सिद्दीवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. त्याच्या तटावरून रोहितांची खाजणे आणि २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो. गंमत पाहा: दोन्ही ठिकाणी आपण पाणी पाहतो ते पहारेकऱ्याप्रमाणे, उंचावरून. पाण्याला हात लागत नाही.

माझी सूचना लहान आहे. मोठ्या आराखड्याची वाट न पाहता, पाण्याकडे जाणाऱ्या आडव्या रस्त्यांची टोके आधी मोकळी करावीत. जुनी बंदरे म्हणजे तरी काय, रस्त्यांची टोकेच ना? चार दगडी पायऱ्या, दोन बाके, एक दिवा, सावलीला एक झाड आणि त्या बंदराचे नाव व इतिहास सांगणारी मराठी पाटी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये साखर कारखान्याशेजारी, जिथे पूर्वी फेरीबोट लागे त्या रस्त्याच्या टोकाशी अशीच एक छोटी बाग आहे. शेजारचा साखर कारखाना बंद पडल्यावर २०१८ मध्ये तिथेही किनारी उद्यान झाले, पण त्याच्या पाठोपाठ उत्तुंग इमारतीही उभ्या राहिल्या. म्हणूनच मला मोठ्या विहारपथापेक्षा लहान पायऱ्यांचा भरवसा अधिक वाटतो. दारुखान्यात जहाजे तोडणाऱ्या, शिवडीत मासे सुकवणाऱ्या माणसांना उठवून बांधलेला पथ मला नको.

सुरक्षेचा आक्षेप येईल. नौदलाची गोदी, तेलाचे धक्के बंदच राहावेत, हे मान्य. पण २००८ मध्ये हल्लेखोर उतरले ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत, आणि त्यानंतरही मरीन ड्राइव्हला भिंत घालावी असे कुणी सुचवले नाही. मग रे रोडच्या रहिवाशालाच वेगळा न्याय का?

तुमच्या घरात कुणी गोदी कामगार होते का? कोकणातून बोटीने येऊन मुंबईत उतरलेले आजोबा-पणजोबा? ते कोणत्या बंदराचे नाव घेत, ते या धाग्याखाली जरूर लिहा. अशी नावे गोळा करून जुन्या नकाशावर मांडण्याचा विचार आहे.