बरणीतील माती आणि चाळीस एकर

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी २०१८ साली एक स्मारक खुले झाले. १८७७ ते १९५० या काळात वंशद्वेषातून झुंडींनी ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे ते स्मारक. जेथे हत्या घडल्या त्या एकेका कौंटीच्या नावाचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ तेथे आहेत. प्रथम ते नजरेसमोर येतात. जमीन उतरत जाते तसतसे ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. शहरातील संग्रहालयात काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. वंशज व स्थानिक नागरिक यांनी हत्येच्या जागी जाऊन स्वहस्ते आणलेली माती त्यांत आहे आणि बरणीवर मृताचे नाव.

ज्या शोकाला भयापोटी उघड वाचा फुटली नाही, तो पुढल्या पिढ्यांत मौनाच्या रूपाने उतरतो. मूठभर माती उचलण्याचा हा विधी त्या मौनाला तोंड देतो. कलेचे हे सामर्थ्य मान्यच केले पाहिजे.

तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न टोचतो. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यान्वये २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना! १८६२ साली वॉशिंग्टनमध्ये दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मंजूर झाली, तीही मालकांनाच. १८६५ मध्ये मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी आदेश निघाला. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरवला. म्हणजे जखम केवळ मनाची नव्हे, मालमत्तेचीही आहे. बरणीतील माती शेतजमिनीची जागा कशी घेणार?

मग हा विधी व्यर्थ म्हणावा काय? मुळीच नाही. ज्या ऋणाची नोंदच नाही ते फेडणार कोण? स्मारकाच्या आवारात स्तंभांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. संबंधित कौंटीने आपली प्रतिकृती नेऊन स्वतःच्या भूमीत उभारावी, ही मूळ कल्पना. न उचललेली प्रतिकृती ही एका अर्थी थकबाकीच होय.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेस अर्पण केला. तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. अत्याचाराच्या जागा आणि मृतांची नावे विसरण्यात आपणही मागे नाही. कला नोंद करील. फेड मात्र समाजाने आणि शासनानेच करावयाची असते.