विजेचा धडा जूनमध्ये हवा

भिलाईची ओळख देशाला पोलादामुळे झाली. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी तेथे १९५९ मध्ये पेटली. २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी शहरात आहे, शिवाय अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठीही ते प्रसिद्ध आहे. विद्युतभाराची गणिते येथील मुले लीलया सोडवतात. शहराबाहेर मात्र, भाताच्या रोवणीच्या दिवसांत पाऊस आला की माणसे आजही झाडाखाली आसरा शोधतात. ही दरी मला शिक्षणधोरणाचा प्रश्न वाटते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० बळी घेतले. त्यांपैकी २,८८७ वीज पडून गेले. छत्तीसगडमध्ये २१०, महाराष्ट्रात २३९. भूकंप शहर उद्ध्वस्त करतो, म्हणून तो लक्षात राहतो. वीज एकेकट्या माणसाला गाठते. तिची बातमी जिल्हा पानापलीकडे क्वचितच जाते.

भूजच्या भूकंपानंतर, २००३ मध्ये, सीबीएसईने आठवीच्या सामाजिक शास्त्रांत आपत्ती व्यवस्थापन आणले. हेतू रास्त होता. परंतु तेथे हा विषय व्याख्या आणि सूचनांच्या याद्यांत अडकतो. त्याची खरी जागा विज्ञानाच्या तासाला आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पक्के छप्पर गाठायलाच हवे. खोडातून उतरणारी वीज शेजारच्या शरीरावर झेप घेते, मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. हे कारण उमगलेली मुलगी आजोबांशी वाद घालू शकते. नुसती सूचना पाठ केलेली गप्प बसते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजेचा इशारा देते. भिलाईच्या शाळांनी आपल्या सेकंदांच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात, आयआयटीने त्यांना मार्गदर्शन करावे आणि मुलांनी तो इशारा छत्तीसगढीत बांधावर पोहोचवावा. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातपट्ट्यालाही हेच लागू पडते.

एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानात विजेवर धडा होता, आणि चांगला होता. पण तो पुस्तकाच्या उत्तरार्धात. क्रमाने शिकवत गेल्यास पाळी येईपर्यंत भात कापून झालेला असे. तो जूनमध्ये शिकवायला नव्या समितीची गरज नाही, मुख्याध्यापकांचे वेळापत्रक पुरेसे आहे.