चाकांवरच्या घराचा जमाखर्च

"ते इलेक्ट्रिशियनचं काम, आपण फक्त बटण दाबायचं," हे वाक्य घरात खपून जातं. वीज गेलीच तर वायरमनला फोन करता येतो. कॅम्पर व्हॅनमध्ये मात्र ते चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये असतात. सुट्टी मिळाली की नातवंडांना घेऊन अशा व्हॅनमधून स्कॉटलंडच्या डोंगरांत जातात. थंडीत बाहेर पारा शून्याखाली आणि आत डिझेलचा हीटर. पण त्याचा पंखा चालतो विजेवर! ही वीज येते कुठून, असं मी सूनबाईंना विचारलं. तिने वहीत आकृती काढून दाखवली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली शिक्षिका. मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

माझी आई स्वयंपाकघरात पैशांचे दोन डबे ठेवत असे. एक घरखर्चाचा, दुसरा आमच्या फीचा. काहीही झालं तरी फीच्या डब्याला हात लावायचा नाही. व्हॅनमध्येही अशाच दोन बॅटऱ्या असतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी हा फीचा डबा. फ्रीज, दिवे, पंखा यांचा खर्च दुसरीतून. प्रवासात दोघींत भर घालणारा कमावता एकच, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. जुन्या गाड्यांत मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झाल्यावर व्होल्टेज उतरलं की तोडतो. म्हणून रात्रभर फ्रीज चालला तरी सकाळी गाडी सुरू होते.

नव्या गाड्यांत अल्टरनेटर 'स्मार्ट' झाला आहे. इंधन वाचवण्यासाठी तो मधूनच व्होल्टेज उतरवतो. रिलेला वाटतं इंजिन बंद पडलं! दिवसभर गाडी चालवूनही घरखर्चाचा डबा अर्धाच. त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो मिळेल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं, साधारण १४.४, करून देतो.

आता मुलाला लिथियम बॅटरी हवी आहे. दुकानदार म्हणतो, जुनी काढा, नवी बसवा, झालं. माझा विरोध आहे तो या 'झालं'ला. लिथियम बॅटरी अधाशासारखा करंट ओढते. नुसत्या रिलेवर जोडली तर अल्टरनेटर तापून जळू शकतो. शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते, हे वेगळंच.

आणि हिशोब? १०० अँपिअर-तासांची जुनी शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातले ५०च वापरावेत. लिथियममधले बहुतेक सगळे वापरता येतात, हे खरं. पण दिवसाला ४० खर्च झाले तर ३० अँपिअरच्या चार्जरला ते भरायला दीड तास तरी गाडी चालवावी लागेल. तीन दिवस एकाच जागी मुक्काम केला तर? डबा मोठा आणला म्हणून पगार वाढत नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं आहे, की बॅटरी आणण्याआधी ती आकृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि रोज संध्याकाळी व्होल्टमीटर वाचून वहीत आकडा लिहायचं काम थोरल्या नातीला द्या. बारा वर्षांची आहे, तिला नक्की जमेल.