शाळा उघडली, नांग्या भरल्या का?



उसाची लागण झाली की तीन-चार आठवड्यांनी आपण सरीसरीतून चालत जातो. कुठे डोळा उगवला नाही, कुठे कांडी कुजली, हे पाहतो आणि तेवढ्या जागी रोप लावतो. नांग्या वेळेवर भरल्या तर रोप शेजारच्या उसाबरोबर वर येते. उशीर केला तर मोठ्या उसाच्या सावलीत ते खुरटते. मग खत घाला, पाणी द्या, त्याची कसर निघत नाही. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण पोरांच्या शिक्षणात करोनाच्या साथीने ज्या नांग्या पाडल्या, त्या भरल्या की नाही हे किती घरांत पाहिले गेले? आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी हिशेब मांडू. मार्च २०२० च्या मध्यास आपल्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपरसुद्धा रद्द करावा लागला. ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेले आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळे उघडली. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास परवानगी मिळाली, तीही जिथले स्थानिक अधिकारी हो म्हणतील तिथे. पाचवी ते आठवीची पाळी २७ जानेवारी २०२१ ला आली. लगेच साथीची दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या पोरांसाठी शाळेचे दार उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे सगळ्यांत लहान पोरे सगळ्यांत जास्त, साडेवीस महिने, घरी राहिली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा शाळा बंद झाल्या आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून पुन्हा भरू लागल्या.

ज्या पोराचे नाव जून २०२० मध्ये पहिलीत घातले, त्याने वर्गाचे तोंड पाहिले ते अर्धी दुसरी संपल्यावर. अक्षर गिरवायचे, जोडाक्षर फोडायचे, हातचा घ्यायचा, ते सगळे दिवस घरीच गेले. तेच पोर जून २०२५ मध्ये सहावीत गेले. वर्ग पुढे सरकत राहिला, पाया मात्र जिथे राहिला तिथेच राहिला.

आपल्या कोल्हापूरकडे तर दुखण्यावर डाग बसला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळा बंद पडल्या, वह्या-पुस्तके वाहून गेली. पुढच्याच मार्चमध्ये साथ आली. जुलै २०२१ मध्ये सरकारने ठरवले की, ज्या गावात महिनाभर करोनाचा रोगी सापडलेला नाही, तिथे ग्रामपंचायतीने ठराव करावा आणि आठवी ते बारावीचे वर्ग भरवावेत. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, एका बाकावर एकच मूल, वर्गात पंधरा-वीस मुले, आईबापांची संमती, असे नियम होते. १५ जुलैपासून हे सुरू व्हायचे होते. आपल्या जिल्ह्यात तेव्हा रोग्यांची संख्या उतरायला तयार नव्हती. त्यातच आठवडाभरात पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. आमच्या शाहूपुरीत कुंभार गल्लीपर्यंत पाणी शिरले. साथ आणि पूर एकाच वेळी दारात उभे राहिले, तेव्हा शाळेचा विचार करायला कोणाचे डोके ठिकाणावर असणार?

आईबापांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. एका घरात आजा, आजी, चुलता, नातू अशी दहा माणसे. पोराला सर्दीवर निभावेल, पण तेच दुखणे म्हाताऱ्याला नेईल, ही धास्ती खरी होती. दुसऱ्या लाटेत गावोगावी तसे घडलेही. पण दुसरी बाजूही होती. लहान मुलांना हा रोग मोठ्यांइतका जड जात नाही, तेव्हा शाळा उघडताना प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी जुलै २०२१ मध्येच सांगितले होते. युरोपात डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच लहान मुलांच्या शाळा आधी उघडल्या. आपल्याकडे उलटे झाले. मोठी मुले अंतर पाळतील, लहानांना ते जमणार नाही, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा म्हणा किंवा बरोबर, त्याची किंमत मात्र लहानांनी मोजली.

मधल्या काळात कोणी हात बांधून बसले नव्हते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम लागत असे. गुरुजी आणि बाई पारावर, ओसरीवर, देवळाच्या मंडपात चार-चार पोरे गोळा करून शिकवत. शाळेच्या खिचडीऐवजी तांदूळ आणि डाळ घरी दिली जाई. जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही झाला. पण मोबाइलवरच्या शिक्षणाचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. घरात मोबाइल एक, तो कारभाऱ्याच्या खिशात, आणि कारभारी रानात. संध्याकाळी तो घरी आला तर रेंज नाही, नाहीतर रिचार्ज संपलेला.

याचा परिणाम मोजला गेला आहे. ‘असर’ नावाची एक पाहणी देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन पोरांना वाचायला देते. तिसरीतले मूल दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकते का, एवढीच साधी परीक्षा. २०१८ मध्ये शंभरातली २७ मुले वाचू शकत होती. २०२२ मध्ये ती वीसच्या आसपास आली. २०२४ मध्ये पुन्हा २७ वर पोचली. म्हणजे पीक सावरते, ही आनंदाची गोष्ट. पण २०२४ ची तिसरीतली मुले साथीनंतर शाळेत आलेली आहेत. साथीत पहिली-दुसरीत असलेली पोरे पुढच्या वर्गांत गेली. त्यांच्या नांग्या आपोआप भरल्या असे समजू नका.

आमची शाहूपुरी म्हणजे गुळाची जुनी पेठ. ती १८९५ साली शाहू छत्रपतींनी वसवली. शेतकऱ्याच्या गुळाला पेठ देणाऱ्या याच राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती. महाराजांच्या कारकिर्दीत दुष्काळ झाला, प्लेग झाला, माणसे घरे सोडून रानात झोपड्यांत राहिली. सक्तीचा हुकूम निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ आली. तरी महाराजांनी ही योजना गुंडाळली नाही, वाढवतच नेली. साथ येते आणि जाते, पण निरक्षर राहिलेली पिढी पन्नास वर्षे घरात राहते, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

एक. आज रात्री जेवणे झाली की पोराच्या हातात दुसरीचे मराठीचे पुस्तक द्या. तो सहावीत असो की आठवीत. एक उतारा मोठ्याने वाचायला लावा, मग पुस्तक मिटून काय वाचले ते विचारा. दुसऱ्या दिवशी डेअरीची दहा दिवसांची पावती पुढे ठेवा आणि लिटरची बेरीज करायला सांगा. अडखळला तर मारू नका, हसू नका. दोष त्याचा नाही. घरातल्या बाईला वाचता येत नसेल तरी पोर घडाघडा वाचते की चाचपडते, हे तिला ऐकून कळते.

दोन. अडते कुठे हे कळल्यावर सरळ गुरुजींकडे जा. पोर कोणत्या वर्गात आहे हे बाजूला ठेवून, त्याला जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकवा, असे सांगा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन घरी ठेवा. शेजारची दहावीतली ताई रोज चार पोरांना घेऊन बसली तरी पुष्कळ काम होते.

तीन. मुलींकडे जास्त लक्ष द्या. शाळा बंद असताना पोरीच्या हाती एकदा भांडी आणि खुरपे आले की ते सुटत नाही, आणि मागोमाग सोयरिकी सुरू होतात. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे. असे कुठे होताना दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

चार. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या कायद्याप्रमाणे तिच्यात शंभरात पंचाहत्तर सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे ती समिती तुमचीच आहे. तिच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्यायला लावा : साथ किंवा पूर आला तर आपली शाळा कशी चालणार? वर्गाच्या खिडक्या उघडतात का? हात धुवायला नळ आहे का? झाडाखाली, समाजमंदिरात किती पोरे बसतील? कोणाच्या घरी मोबाइल नाही? ही यादी आज करून ठेवा. पाणी उंबऱ्याला लागल्यावर ती होत नाही.

आणि एक गोष्ट गावाने मनाशी पक्की करावी. पुन्हा तशी वेळ आली तर जत्रा, लग्नाच्या वराती आणि हॉटेले आधी बंद व्हावीत, शाळा सगळ्यांत शेवटी. उघडताना मात्र शाळा सगळ्यांत आधी, आणि त्यातही पहिलीचा वर्ग आधी. सरकारचा हुकूम काय येईल ते वरून येईल, पण २०२१ च्या जुलैत ठराव करण्याचा अधिकार गावाकडेच दिला होता. तो पुन्हा मिळाला तर वापरायची तयारी हवी.

उसाला दुसरा हंगाम मिळतो. पोराची सहावी पुन्हा येत नाही. तेव्हा पुस्तक आज रात्रीच काढा.